बॉटशी नुरा कुस्ती, माणसाशी निकाली

सांगली-साताऱ्याकडे यात्रेच्या मैदानाचं पत्रक भिंतीवर लागतं तेव्हा त्यावर ‘निकाली कुस्त्या’ हे शब्द सगळ्यांत मोठे असतात. निकाल आधीच ठरवून खेळली जाते ती नुरा कुस्ती, आणि ती ओळखू आली की लोक आधी शिट्ट्या मारतात, मग उठून जातात. व्हिडिओ गेममध्ये कॉम्प्युटरशी होणारी लढत बहुतेक वेळा नुराच असते. फरक इतकाच की इथं ठरवाठरवी एकट्या गेम बनवणाऱ्यानं केलेली असते, आणि ती इतकी बेमालूम असते की जिंकणाऱ्याला जिंकल्याचं खरं समाधान मिळतं.

यात फसवणूक काही नाही, कारण कॉम्प्युटर चालवतो त्या शत्रूचं, म्हणजे बॉटचं, कामच ते आहे. त्यानं थोडं घाबरवायचं, थोडं दमवायचं आणि शेवटी चांगलं दिसेल असं हरायचं. समोर माणूस आला की त्याच्यावर असली कोणतीच जबाबदारी नसते. त्याला फक्त जिंकायचं असतं. ‘बॉटना रोज धुतो, पण खऱ्या लॉबीत (माणसांच्या सामन्यात) दोन मिनिटांत मरतो’ ही पोरांची तक्रार इथून सुरू होते.

शत्रूचं डोकं आतून कसं असतं

बहुतेक गेममधल्या शत्रूकडे ‘अवस्था’ असतात. पहारा, संशय, पाठलाग, हल्ला, माघार अशा चार-पाच. एका अवस्थेतून दुसरीत कधी जायचं याचे नियम लिहिलेले असतात: खेळाडू अमुक अंतरात आणि नजरेच्या कोनात आला की पाठलाग, दिसेनासा झाला की शेवटच्या जागेपर्यंत जाऊन शोध, ठरलेले सेकंद काही सापडलं नाही की परत पहारा. म्हणून तर लपून खेळायच्या गेममध्ये शेजारी मरून पडलेला असताना पहारेकरी ‘काही नसेल’ म्हणून पुन्हा फेऱ्या मारायला लागतो. मठ्ठपणाचा दोष त्याच्याकडे जात नाही. त्याचं घड्याळ संपलेलं असतं.

या साधेपणातून किती गंमत काढता येते याचा सगळ्यांत चांगला नमुना अजूनही १९८० चा पॅक-मॅन आहे. तोरू इवातानी यांच्या या गेममध्ये चार भुतं मागे लागतात, आणि ती मिळून कट करतात असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येकाला एकच नियम दिलेला आहे. लाल भूत थेट आपल्या चौकोनाकडे येतं. गुलाबी भूत आपण ज्या दिशेला तोंड केलंय तिकडे चार चौकोन पुढची जागा गाठू पाहतं. निळं भूत आपल्या दोन चौकोन पुढचा बिंदू घेतं, लाल भुतापासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढतं आणि ती दुप्पट लांबवून तिच्या टोकाकडे जातं. नारिंगी भूत आठ चौकोनांपेक्षा लांब असेल तर पाठलाग करतं, जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे पळतं. लाल मागून आणि गुलाबी पुढून आल्यामुळे आपल्याला वाटतं, घेरलं!

त्यातही दया ठेवलेली आहे. पहिल्या पातळीवर भुतं सात सेकंद आपापल्या कोपऱ्यात पांगतात, मग वीस सेकंद पाठलाग करतात, मग पुन्हा पांगतात. सतत पाठलाग राहिला असता तर नाणं टाकणारा माणूस दुसऱ्यांदा आलाच नसता. आणि हे सगळं नियमानं चालत असल्यामुळे एक वाट पाठ केली आणि तंतोतंत तशीच खेळली, तर प्रत्येक वेळी पातळी पार होते. माणसाविरुद्ध असं कधीच होत नाही. यंत्राविरुद्धच्या खेळाची ही सगळ्यांत मोठी खूण.

दोन वर्षं आधीच्या, १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये तर शत्रूला डोकंच नव्हतं. पडद्यावर पाच रांगांत पंचावन्न परग्रहवासी असत आणि ते सगळे हलवताना बिचारा प्रोसेसर दमायचा. जसजसे मरत, तसं काम हलकं होऊन उरलेले भराभर पळत. शेवटचा एकटा वेड्यासारखा धावायचा. यंत्राच्या मर्यादेतून आलेली ही गोष्ट पुढं ‘गेम हळूहळू अवघड होत जावा’ या रीतीची सुरुवात ठरली.

रस्ता शोधण्याचं काम वेगळं असतं. भिंती, टेबलं, जिने चुकवून शत्रू आपल्यापर्यंत येतो तो बहुधा ‘ए-स्टार’ नावाच्या पद्धतीनं, जी १९६८ मध्ये एका फिरत्या रोबोसाठी तयार झाली. आतापर्यंत चाललेलं अंतर आणि पुढं अंदाजे उरलेलं अंतर यांची बेरीज सगळ्यांत कमी असेल ती वाट आधी तपासायची, एवढं तिचं सूत्र. बॉट दाराच्या चौकटीत अडकून धावताना दिसतो तेव्हा बहुतेकदा नकाशा तयार करणाऱ्यानं चालण्याजोगी जागा नीट आखलेली नसते.

नेम मुद्दाम चुकवावा लागतो

गोळीबाराच्या गेममध्ये लोकांना वाटतं की बॉटला नेम लावायला शिकवणं अवघड असेल. खरं तर उलट आहे. आपण नकाशावर कुठं आहोत हे गेमला दशांशापर्यंत माहीत असतं. तिथं बंदूक वळवणं हे एका फ्रेमचं, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राचं काम; सेकंदाला ६० फ्रेम असतील तर साधारण १७ मिलिसेकंद. माणसाला नुसतं काहीतरी दिसलं म्हणून बटण दाबायलाच २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. बॉटला मोकळं सोडलं तर आपण कोपऱ्यातून डोकावलो त्याच क्षणी डोक्यात गोळी बसेल.

म्हणून त्याला चार ठिकाणी बांधून ठेवतात. पहिलं, आपण दिसल्यावर त्यानं ठरावीक वेळ थांबायचं. दुसरं, त्याच्या नेमात मुद्दाम काही अंशांची चूक घालायची आणि आपण त्याच्यासमोर उघड्यावर उभे राहू तसतशी ती कमी करत न्यायची. म्हणजे उघड्यावर रेंगाळलो तर मरणार, पण आपली चूक होती असं वाटणार. तिसरं, पहिली गोळी कानाजवळून जाऊ द्यायची, जेणेकरून आपल्याला शत्रू कुठं आहे ते कळेल. २००७ च्या बायोशॉकमध्ये शत्रूची आपल्यावरची पहिली गोळी ठरवूनच चुकवली जायची. चौथी गोष्ट टोकनची. आपल्याभोवती आठ जण असले तरी हल्ल्याची परवानगी एका वेळी दोघा-तिघांनाच असते, बाकीचे भोवती फिरतात, ओरडतात, हत्यार हलवतात. एसटी स्टँडाजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये ज्यांनी ‘मुस्तफा’ खेळलाय, म्हणजे १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, त्यांनी गुंडांचं हे घुटमळणं पाहिलेलं आहे. सगळे एकदम तुटून पडत नाहीत, कारण मग खेळ उरत नाही. पण फारच मऊ झाले तर नाणी येत नाहीत. पार्लरच्या मशीनचा तोल या दोन्हींच्या मध्ये साधलेला असायचा.

‘ईझी’वरून ‘हार्ड’वर गेलं की शत्रू हुशार होतो हाही मोठा गैरसमज आहे. बहुतेक गेममध्ये फक्त आकडे बदलतात: त्याची ताकद वाढते, आपली कमी होते, थांबायचा वेळ घटतो, नेमातली चूक घटते. डोकं तेच राहतं. राज्य उभारायच्या गेममध्ये तर सरळ खिरापत दिली जाते. सिव्हिलायझेशन ६ मध्ये सगळ्यांत वरच्या पातळीवर आपण एका वसाहतकार तुकडीनं सुरुवात करतो तेव्हा कॉम्प्युटरकडच्या राज्यांना तीन मिळतात. स्ट्रीट फायटर २ मध्ये गाईल या पात्राच्या सोनिक बूम नावाच्या फेकीसाठी आपल्याला स्टिक मागं धरून क्षणभर थांबावं लागतं. कॉम्प्युटरच्या हातातला गाईल चालता चालता ते फेकतो. मारामारीच्या कित्येक जुन्या गेममध्ये यंत्र आपलं बटणच वाचतं. आपण दाबलं की त्याच फ्रेमला उतारा तयार. ‘सीपीयू (कॉम्प्युटर) चीटिंग करतो’ हे म्हणणं सरसकट रडगाणं समजू नये, पुष्कळदा ते शब्दशः खरं असतं.

रेसिंगमध्ये याचं गोंडस रूप दिसतं. आपण पुढं गेलो की मागच्या गाड्या आपोआप वेगवान होतात, आपण आपटलो की त्या हळू होतात, जणू सगळ्यांना एकच रबर बांधलंय. शेवटच्या फेरीपर्यंत चुरस टिकते खरी, पण पहिल्या दोन फेऱ्या जीव तोडून चालवण्यात काही अर्थ उरत नाही. हे एकदा लक्षात आलं की लोक शेवटचा बूस्ट राखून ठेवतात आणि शेवटच्या वळणावर वापरतात.

पटावरचा पुरावा

सांगलीकरांना हा मुद्दा बुद्धिबळातून लगेच पटेल. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून इथं खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या, वुमन ग्रँडमास्टर स्वाती घाटे इथल्याच. पटावर बसलेल्या पोराला विचारलं तर तो सांगेल की मोबाइलवरचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, आणि समोरचा भिडू यांची जात वेगळी आहे.

इंजिन पुढच्या शक्यता उलगडत जातं. पांढऱ्याच्या पहिल्या चालीला २० पर्याय, काळ्याच्या उत्तरानंतर ४०० स्थिती, तिसऱ्या चालीनंतर ८,९०२ आणि चौथीनंतर १,९७,२८१. माणूस यातल्या दोन-चार फांद्यांचाच विचार करतो. १९९७ मध्ये गॅरी कास्पारोव्हला ३.५–२.५ असं हरवणारं डीप ब्लू सेकंदाला जवळपास २० कोटी स्थिती तपासायचं. आजचं खिशातलं इंजिन त्याहून भारी खेळतं. मग ते नवशिक्याशी खेळायला लावायचं तर कमकुवत करावं लागतं, आणि ते बहुधा दोन रीतींनी होतं: कमी खोलवर बघायला लावणं, किंवा चांगल्या चालीऐवजी मधूनच वाईट चाल उचलायला लावणं.

गोम इथंच आहे. असं इंजिन दहा चाली उस्तादासारख्या खेळतं आणि अकराव्या चालीला वजीर फुकट देतं. माणूस असा चुकत नाही. नवशिक्याच्या चुकांना कारण असतं: लांबच्या कर्णावरचा उंट दिसत नाही, मागं येणारी चाल सुचत नाही, घोड्याचा दुहेरी हल्ला कळायला उशीर होतो, हल्ल्याच्या नादात स्वतःचा राजा उघडा पडतो. कमकुवत इंजिनशी खेळून आपण समोरचा कधी चुकतोय याची वाट बघायला शिकतो. माणसाशी खेळताना चूक घडवून आणायची असते, ते यातून येत नाही. कोडी सोडवायला, आपला डाव तपासायला इंजिनसारखं साधन नाही. पण भिडू म्हणून ते अगदी बेचव.

मग खरंच हुशार बॉट गेममध्ये का घालत नाहीत? तसे बॉट झाले आहेत. अल्फागो या प्रोग्रामनं २०१६ मध्ये गो या पटावरच्या खेळात अव्वल खेळाडू ली सेडॉलला ४–१ असं हरवलं. ओपनएआय फाइव्ह या प्रोग्रामनं एप्रिल २०१९ मध्ये डोटा २ या सांघिक गेमचा तेव्हाचा जगज्जेता ओजी संघ हरवला, मात्र पात्रांची निवड मर्यादित ठेवून. त्यासाठी त्या यंत्रानं दिवसाला शंभराहून जास्त वर्षं भरतील इतके खेळ स्वतःशीच खेळून सराव केला होता. एवढा खर्च एका गेमसाठी करायचा, आणि पुढच्या अपडेटमध्ये बंदुकीची ताकद बदलली की पुन्हा शिकवायचं. वर गिऱ्हाईक सारखं हरणार! रेसिंगमध्ये मात्र ते जमून गेलं. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये २०२३ पासून ‘सोफी’ नावाचा शिकून तयार झालेला चालक आहे. शर्यतीत नियम ठाम, ट्रॅक ठरलेला आणि हरणाऱ्यालाही गाडी चालवण्याचा आनंद मिळतो, म्हणून तिथं असा भिडू खपतो.

माणूस आला की खडाखडी सुरू

आखाड्यात दोन पैलवान हात भिडवतात आणि काही वेळ नुसती खडाखडी चालते. समोरचा कुठला पाय पुढं टाकतो, मान दाबली की काय करतो, दमसास किती, याची ती चाचपणी असते. माणसाशी गेम खेळणं म्हणजे मुख्यतः हेच. नेम, बोटांचा वेग या गोष्टी त्यानंतर येतात.

साधा हिशोब पाहा. घराला दोन दारं आहेत, डावं आणि उजवं. तुम्ही आत घुसणार, तो राखण करणार, आणि एका वेळी एकच दार राखता येतं. तुम्ही दहापैकी सात वेळा डावीकडून जात असाल आणि हे त्याच्या लक्षात आलं, तर त्यानं फक्त डावं दार धरलं तरी दहापैकी सात वेळा तुम्ही सापडता. पाच-पाच वाटलंत तर त्यानं काहीही केलं तरी निम्म्याहून जास्त वेळा तुम्हाला पकडता येत नाही. गणितात याला मिश्र डावपेच म्हणतात. अडचण अशी की माणसाला खरं यादृच्छिक वागता येत नाही. एकदा डावीकडून मार खाल्ला की पुढच्या वेळी तो जवळजवळ हमखास उजवीकडे जातो. चांगला खेळाडू दारं पाहत नाही, ही सवय पाहतो.

बॉटविरुद्ध याचा काही उपयोग नाही. त्याच दारातून शंभर वेळा जा, नियमात लिहिलेलं नसेल तर एकशे एकाव्यांदाही तो तिथं नसेल. ईए क्रिकेट ०७ मध्ये एक फटका सापडला की त्याच चेंडूला तोच फटका मारून षटकात ३६ धावा काढणारे घरोघरी होते. कॉम्प्युटर क्षेत्ररक्षक हलवायचाच नाही. माणूस असता तर दुसऱ्या चेंडूलाच सीमेवर माणूस उभा केला असता.

बॉटशी खेळून लागलेल्या सवयी माणसांत नेमक्या कुठं नडतात, ते बॅटल रॉयल, म्हणजे शेवटी एकच संघ उरेपर्यंत लढायच्या गेममध्ये स्पष्ट दिसतं. पहिली सवय प्रत्येक चकमकीनंतर लगेच मॅगझिन बदलण्याची, म्हणजे रीलोड करण्याची. ३० गोळ्यांपैकी १८ शिल्लक असताना बटण दाबलं जातं. बॉट तो आवाज ऐकून धावून येत नाही, माणूस नेमका तेव्हाच येतो. दुसरी, मारलेल्याच्या पेटीवर लगेच लूट करायला बसणं. गोळीबाराचा आवाज लांबवर गेलेला असतो आणि तिसरा संघ त्या पेटीवरच नेम धरून असतो, म्हणून आधी आडोसा, मग १०-१५ सेकंद कान देऊन थांबणं, मग लूट. तिसरी सवय एकाच जागेवरून दोनदा डोकावण्याची. बॉटचा नेम प्रत्येक वेळी नव्यानं सुरू होतो, पण माणसाचा क्रॉसहेअर (नेमाची खूण) तुमचं डोकं गेलं त्या जागी तसाच ठेवलेला असतो. चौथी, पळणाऱ्याच्या मागं लागणं. बॉट आमिष दाखवत नाही. माणूस पळतो तेव्हा कोपऱ्याआड त्याचा जोडीदार बसलेला असण्याची शक्यता धरूनच चालावं.

पिंग: बॉटला न लागणारा दंड

गेम फोनवरच चालत असेल, नेट नसेल, तर शत्रू आणि आपण एकाच यंत्रात असतो. समोर माणूस आला की मध्ये सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारा लांबचा कॉम्प्युटर, येतो. सांगलीहून मुंबई साधारण पावणेचारशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम चार मिलिसेकंद. मग फोनवर पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरला जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, ५०-६० का दिसतं? उरलेला वेळ टॉवर आणि फोनमधल्या हवेतल्या टप्प्यात, राउटरमधल्या रांगेत आणि वळशाच्या रस्त्यात जातो. सर्व्हर चुकून सिंगापूरचा निवडला गेला तर त्यात समुद्राखालच्या तारेचं अंतरही मिळतं.

याचा परिणाम कोपऱ्यावर सगळ्यांत जास्त जाणवतो. समजा दोघांचंही पिंग ५० आहे. धावत बाहेर येणाऱ्याला तुम्ही त्याच्या पडद्यावर लगेच दिसता. त्याची हालचाल मात्र सर्व्हरपर्यंत जायला २५, सर्व्हरच्या पुढच्या ठोक्यापर्यंत, म्हणजे तो खेळाची स्थिती ताजी करेपर्यंत (सेकंदाला ६४ ठोके असतील तर) जास्तीत जास्त १६, तिथून तुमच्याकडे यायला २५ आणि हालचाल गुळगुळीत दाखवण्यासाठी गेम मुद्दाम मागं ठेवतो ते आणखी काही, असे मिळून ८०-१०० मिलिसेकंद उशिरा तुम्हाला दिसते. तुमची प्रतिक्रियाच २०० ची, त्यात हा तोटा. म्हणून कोपरा धरून पुतळ्यासारखं बसणं वाटतं तितकं सुरक्षित नाही. आणि ‘मी भिंतीआड गेलो होतो, तरी गोळी लागली’ हेही खरं असू शकतं. सर्व्हर गोळी मारणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी काय दिसत होतं ते घड्याळ मागं नेऊन तपासतो, आणि त्याच्या पडद्यावर तुम्ही अजून बाहेर असता.

पिंग कमी असण्यापेक्षा ते स्थिर असणं महत्त्वाचं. सतत ६० असेल तर हात सरावतात, पण ३० वरून १५० वर उड्या मारणाऱ्या नेटवर कुणीच नीट खेळू शकत नाही. यावर करण्यासारखं बरंच काही आहे. वायफायला २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झ वापरा, पण राउटर त्याच खोलीत हवा, दगडी किंवा जाड भिंतीतून ते नीट जात नाही. घरात कुणी व्हिडिओ अपलोड करत असेल तर तेवढा वेळ थांबा, कारण पाठवण्याची रांग तुंबली की तुमची हालचालही त्यात अडकते. कॉम्प्युटर असेल तर सरळ लॅन केबल लावा. जावळी-पाटणकडच्या डोंगराळ गावांत किंवा घाटाच्या कडेला फोन दोन टॉवरमध्ये किंवा फोरजी-फाइव्हजीमध्ये टांगलेला राहतो आणि दर काही मिनिटांनी झटका बसतो. तिथं सेटिंगमध्ये नेटवर्क फक्त फोरजीवर ठेवलं तर वेग घटला तरी पिंग शांत राहतं. गेमला तसा डेटा फार लागत नाही.

लॉबीत खरी माणसं किती?

माणसाशी खेळायचं तर जोड जुळावी लागते. मैदानात पंच वजन आणि नाव बघून कुस्ती ठरवतात, गेममध्ये ते काम गुणांकन करतं. त्याचं मूळ हंगेरीत जन्मलेले अमेरिकन प्राध्यापक आर्पाद एलो यांच्या पद्धतीत आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघानं ती १९७० मध्ये स्वीकारली. सूत्र असं बेतलंय की ४०० गुणांचा फरक असेल तर वरच्याची जिंकण्याची शक्यता अकरापैकी दहा, म्हणजे साधारण ९१ टक्के, आणि २०० चा फरक असेल तर ७६ टक्के. आता १२०० वाल्यानं १४०० वाल्याला हरवलं, आणि एका डावात जास्तीत जास्त ३२ गुण फिरणार असतील, तर त्याला २४ मिळतात. हरला तर फक्त ८ जातात. जोड नीट जुळत गेली की प्रत्येकजण निम्म्याच्या आसपास जिंकायला लागतो. म्हणून वर चढूनही ‘मी पुढं जात नाही’ असं वाटतं. भिडूही बरोबरीनं चढत असतात.

पण बीजीएमआय, म्हणजे पब्जीच्या भारतीय आवृत्तीसारख्या गेममध्ये एका मॅचला १०० जण लागतात. तुमच्याच पातळीचे, त्याच नकाशासाठी, त्याच मिनिटाला तयार असलेले शंभर जण जमवायचे तर वाट पाहावी लागते, आणि नवा खेळाडू पहिल्याच दिवशी मुरलेल्यांच्या हाती सापडला तर दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून ब्रॉन्झ-सिल्व्हर या खालच्या पातळ्यांच्या लॉबीत रिकाम्या जागा बॉटनी भरल्या जातात. फोर्टनाइटनंही २०१९ मध्ये हेच सुरू केलं. नावं माणसांसारखी, कपडे माणसांसारखे. ‘पहिल्याच आठवड्यात १५ किल’ या फुशारकीतले बरेचसे किल या मंडळींचे असतात. शिवाय अशा गेममध्ये शेवटपर्यंत टिकून राहण्यालाही गुण असतात, त्यामुळे झुडपात बसून रँक पुश करणारा, म्हणजे नुसती पातळी चढवणारा, ‘एस’ (Ace) या वरच्या पातळीला पोहोचतो आणि समोरासमोर आला की गडबडतो.

बॉट ओळखायला वेळ लागत नाही. तो उघड्या माळावर सरळ रेषेत पळतो आणि गोळी झाडायची तर थांबून झाडतो. गोळ्या दोन-तीनच्या तुकड्यांत आणि सुरुवातीला आजूबाजूला जातात. मार लागल्यावर आडोशाला न जाता तिथंच वळतो. आणि महत्त्वाचं म्हणजे तो पडला की त्याला उचलायला कुणी येत नाही. माणूस वाकडातिकडा पळतो, उड्या मारतो, दार आतून लावून घेतो आणि जिन्यात वाट बघत बसतो.

पैसे लावून खेळायच्या ॲपवर हाच प्रश्न मनोरंजनाचा राहत नाही, कारण समोर माणूस आहे की कंपनीचा प्रोग्राम हे खेळणाऱ्याला तपासता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला त्यात पैशांच्या खेळांवर बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता आहे. ‘रमीत जिंकतो’ म्हणणाऱ्या भावकीतल्या कुणाला हे सांगायला हरकत नाही.

सराव कुणाशी, कशाचा

बॉटशी हातांचा सराव होतो, माणसाशी डोक्याचा. सकाळी तालमीत जोर-बैठका काढल्याशिवाय कुणी मैदानात उतरत नाही, पण नुसत्या जोर-बैठकांवर कुणी कुस्ती मारलेलीही नाही.

तासभर हाताशी असेल तर पहिली दहा मिनिटं ट्रेनिंगच्या मैदानावर घालवावीत. एकच बंदूक घ्यायची. भिंतीसमोर साधारण २५ मीटरवर उभं राहून बोट न हलवता पूर्ण ३० गोळ्या सोडायच्या आणि भोकांची माळ कुठं चढते ते बघायचं. मग त्याच्या उलट दिशेला बोट ओढत पुन्हा ३०. सेन्सिटिव्हिटी (बोट हलवल्यावर नेम किती हलतो ते) एका वेळी एकच बदलायची, तीही थोडीशी, आणि तीन दिवस तशीच ठेवायची. लोक यूट्यूबवाल्याचा कोड टाकतात आणि रोज नवा टाकतात. त्यांचा हात कधी बसतच नाही, कारण त्या माणसाच्या फोनचा पडदा वेगळा, अंगठ्याची लांबी वेगळी.

पुढची दहा मिनिटं बॉटशी, पण स्वतःवर अट घालून: फक्त डोक्यावर नेम, किंवा फक्त डावीकडच्या आडोशातून, किंवा एका जागेवरून एकदाच डोकावायचं. बॉट हरणारच आहे, तेव्हा जिंकणं हे ध्येयच ठेवू नये.

टेकनसारख्या मारामारीच्या गेममध्ये प्रॅक्टिस मोडमधली डमी हा सगळ्यांत उपयोगी बॉट आहे, कारण तिला डोकं नाही. ज्या चालीनं मार खाता ती चाल डमीकडून रेकॉर्ड करून घ्या आणि तिला ती पुन्हा पुन्हा करायला लावा. चाल अडवल्यावर समोरचा दहा किंवा जास्त फ्रेम मागं पडत असेल तर सगळ्यांत जलद ठोसा, जो दहा फ्रेमचा असतो, हमखास बसतो. दहा फ्रेम म्हणजे १६७ मिलिसेकंद. बघून ठरवायला हा वेळ पुरत नाही, म्हणून अडवल्याचा आवाज आला की बोट आपोआप जायला हवं. सलग वीसपैकी अठरा वेळा जमेपर्यंत पुढच्या चालीकडे जाऊ नये.

उरलेली चाळीस मिनिटं माणसांशी. ही मधूनच थांबवता येत नाहीत. बॉटशी खेळताना जेवायला हाक आली तर पॉज करून उठता येतं, पण चौघांच्या स्क्वॉडमधून उठलं तर बाकी तिघांचा खेळखंडोबा होतो. बॅटल रॉयलची एक मॅच अर्ध्या तासापर्यंत लांबते, तेवढं घरी आधीच सांगून ठेवावं. लाइट जाण्याची वेळ ठाऊक असेल तर वायफायऐवजी आधीपासून मोबाइल डेटावर बसावं, कारण मॅचमध्ये नेट बदललं की परत जोडलं जाईपर्यंत पात्र उभंच राहतं. अनोळखी लोकांच्या शिव्या ऐकत बसण्याचं कारण नाही, आवाज बंद करायचं बटण पहिल्याच सेकंदाला दाबता येतं. सलग दोन मॅच चिडून हरलात तर तिसरी लावू नये. चिडलेला माणूस घाई करतो, एकाच दारातून जातो, आणि समोरच्याला बॉटइतकाच सोपा होतो.

मरण आलं की लगेच पुढची मॅच न लावता अर्धा मिनिट रिप्ले बघावा, तोही मारणाऱ्याच्या नजरेतून. त्याला मी आधी दिसलो की ऐकू आलो? मी आडोशापासून किती लांब होतो? त्याच जागेवरून दुसऱ्यांदा डोकावलो होतो का? उत्तर वहीत एका शब्दात लिहायचं: ‘रीलोड’, ‘लूट’, ‘परत पीक’ (पुन्हा डोकावणं), ‘पाठलाग’, ‘पिंग’. दहा मॅच झाल्या की मोजायचं. पिंगच पाच-सहा वेळा आलं तर आधी राउटर हलवायचा. दुसरा कुठला शब्द पुढं निघाला तर पुढच्या आठवड्यात बॉटसमोर अट घालायची ती त्याचीच.